सहा-चार-तीनचा नाद

बेसबॉल बघा हो! भेटेल त्याला मी सध्या एवढंच सांगतेय. नाशिकच्या बहिणींनी तर धसकाच घेतलाय. फोन उचलल्या उचलल्या विचारतात, "खेळाचं बोलणार असशील तर आधी गॅस बंद करून येते." या खुशाल बंद करून. साठी उलटल्यावर एखादा खेळ असा अंगात भिनावा, डोळे मिटले तरी पांढऱ्या चेंडूवरचे लाल टाके दिसावेत, आणि गेल्या वर्षापर्यंत ज्याचं नावही कानावर आलं नव्हतं अशा क्यूबाच्या एका म्हाताऱ्या खेळाडूवर अन्याय झाला म्हणून नातवाशी कडाकडा भांडावं, हे सुख एकटीनं कुठवर दाबून ठेवायचं?

मी क्रिकेटवर वाढलेली. घरात वडिलांचा ट्रान्झिस्टर आणि त्यावर बाळ पंडितांचं मराठी समालोचन. आपल्याकडे बेसबॉलची ओळख म्हणजे हॉलिवूडच्या सिनेमातली टोपी, तोंडातलं च्युइंगम आणि फारतर २००८ साली पिट्सबर्ग पायरेट्सनं घेतलेली रिंकू सिंग आणि दिनेश पटेल ही उत्तर प्रदेशातली दोन भालाफेकी पोरं. मिनेसोटात लेकीकडे आले तेव्हा माझ्या गाठीला याहून जास्त काही नव्हतं. जावई म्हणाले, "आई, मिनिआपोलिसच्या मोठ्या स्टेडियमवर नंतर जाऊ. आधी गावचा खेळ बघा." देव त्यांचं भलं करो!

मिनिआपोलिस-सेंट पॉलच्या दक्षिणेला, हेस्टिंग्जच्या पुढे, मीसव्हिल नावाचं गाव आहे. गाव म्हणायचं ते उपचाराला. वस्ती दीडशेच्या आत-बाहेर, आपल्याकडे त्याला वाडी म्हणतील. पण या वाडीला स्वतःचं बेसबॉलचं मैदान आहे, जॅक रूर फील्ड, प्रकाशझोतांच्या उंच खांबांसकट! स्वतःचा संघ आहे, मडहेन्स. आणि समोर किंग्ज नावाचं बर्गर-बिअरचं ठिकाण आहे, तिथे मॅचनंतर दोन्ही संघांचे पाठीराखे जमतात. मैदानावरची तांबडी माती सारवलेल्या अंगणासारखी गुळगुळीत. ती ओढणारे, पाणी मारणारे, चुन्याच्या रेघा आखणारे सगळे गावचेच, फुकट राबणारे. खेळणारेही हौशी. कुणी शाळामास्तर, कुणी वायरमन, कुणी शेती बघून आलेला, कुणी कॉलेजातून उन्हाळ्याच्या सुट्टीला घरी परतलेला. पैसे कुणालाच नाहीत. याला इथे 'टाउन बॉल' म्हणतात. मिनेसोटात या हौशी संघांची राज्य स्पर्धा १९२४ पासून चालू आहे आणि १९५० साली, म्हणजे टीव्हीनं माणसांना घरात कोंडण्याआधी, राज्यात असे आठशेच्या आसपास संघ होते. आठशे! गावागावात भजनी मंडळ असावं तसे संघ.

मला काय आवडलं ते सांगते. पहिलं म्हणजे आवाज. लाकडी बॅटवर चेंडू नीट बसला की जो 'टॉक' होतो तो पोटात उतरतो. दुसरं म्हणजे अंतरं. पिचर आणि बॅटरमध्ये ६० फूट ६ इंच, म्हणजे आपल्या पिचपेक्षाही थोडं कमी, आणि चेंडू टप्पा न पडता येणार! एका बेसपासून दुसऱ्या बेसपर्यंत ९० फूट. हे नव्वद फूट ज्यानं कुणी ठरवले त्याला माझा साष्टांग नमस्कार. ते पंच्याऐंशी असते तर प्रत्येक जण पोचला असता, पंच्याण्णव असते तर कुणीच नाही. दर वेळी धावणारा आणि चेंडू एका श्वासाच्या अंतरानं पोचतात, दर वेळी सगळं मैदान उठून उभं राहतं, आणि दर वेळी अंपायरला शिव्या बसतात.

तिसरं, आणि खरं वेड लावलं ते या तिसऱ्यानं. स्कोअरबुक.

माझ्या शेजारच्या बाकावर एक आजोबा बसले होते. टपाल खात्यातून निवृत्त झालेले, मांडीवर चौकोनांची वही, कानामागे पेन्सिल. मी वहीत डोकावतेय हे त्यांनी पाहिलं आणि वही सरळ माझ्याकडे सरकवली. प्रत्येक चौकोनात एक छोटी हिराकार चौकट, म्हणजे मैदानच. क्षेत्ररक्षकांना नंबर आहेत आणि ते पाठीवरचे नव्हेत, जागेचे: पिचर १, कॅचर २, पहिल्या बेसवरचा ३, दुसऱ्यावरचा ४, तिसऱ्यावरचा ५, दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला शॉर्टस्टॉप ६, मग लेफ्ट, सेंटर आणि राइट फील्डला ७, ८, ९. झालं, एवढंच पाठ करायचं. बॅटरनं मारलेला चेंडू शॉर्टस्टॉपनं अडवून पहिल्या बेसकडे फेकला की चौकोनात ६-३. स्ट्राइक आउट झाला तर K. बॅट न हलवता नुसता बघत उभा राहून आउट झाला तर उलटा K, आरशातला!

आणि मग ते झालं. पहिल्या बेसवर पाहुण्या संघाचा गडी होता. बॅटरनं जमिनीलगत सपाट फटका मारला. शॉर्टस्टॉप दोन पावलं डावीकडे सरकला, चेंडू ग्लव्हमध्ये आला न आला तोच त्यानं तो मनगटानं दुसऱ्या बेसकडे ढकलला. तिथला गडी धावत येऊन बेसवर पाय टेकवतोय, समोरून दुसरा त्याच्या पायात घसरत येतोय, आणि हा त्याच्या अंगावरून उडी मारून हवेतच वळून पहिल्या बेसकडे फेकतोय! तिकडचा गडी एक पाय बेसवर ठेवून पार ताणलेला. फट्! दोन्ही गडी आउट. जेमतेम चार सेकंद लागले असतील. माझ्या तोंडून "अगं आई गं!" निघालं. आजोबांनी मान न वळवता वहीत शांतपणे लिहिलं: ६-४-३.

तीन आकड्यांत ते चार सेकंद जसेच्या तसे! घरी येऊन मी नातवाची जुनी गणिताची वही मागितली. तो म्हणाला, "आजी, त्याचं ॲप असतं." असू दे तुझं ॲप.

नंतर कळलं की या नोंदीची पद्धत घडवली हेन्री चॅडविक नावाच्या पत्रकारानं, आणि हा मूळचा इंग्लंडमधल्या एक्सेटरचा, क्रिकेटच्या बातम्या देणारा! एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्ककडे क्रिकेटचे सामने लिहिता लिहिता त्याला बेसबॉल दिसला आणि गडी पागल झाला. माझं त्याच्याशी नातंच जुळलं म्हणा ना. आज वर्तमानपत्रात छापतात त्या बॉक्स स्कोअरचा जनक तोच, आणि १९३८ साली त्याला हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली.

हॉल ऑफ फेम! आता खऱ्या भांडणाकडे येते.

न्यूयॉर्क राज्यात कूपर्सटाउन नावाचं तळ्याकाठचं छोटंसं गाव आहे. १८३९ साली ॲबनर डबलडे यानं इथेच बेसबॉल शोधून काढला अशी एका समितीनं १९०७ मध्ये मोठ्या थाटात घोषणा केली. ही शुद्ध लोणकढी थाप. १८३९ मध्ये डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होता. पण थाप अशी जमली की १९३९ मध्ये तिथे संग्रहालय उभं राहिलं आणि थोर खेळाडूंच्या ब्राँझच्या पाट्या भिंतींवर चढल्या. आजवर साडेतीनशेच्या आसपास माणसं तिथे पोचलीत. त्यांना निवडतात बेसबॉलवर लिहिणारे पत्रकार. त्यांच्या संघटनेत दहा वर्षं काढली की मताचा हक्क. खेळाडू निवृत्त होऊन पाच वर्षं झाली की त्याचं नाव मतपत्रिकेवर येतं, ७५ टक्के मतं पडली तर आत, ५ टक्क्यांच्या खाली गेला तर या मतपत्रिकेवरून कायमचा बाहेर, मधल्यांना दहा वर्षं उमेदवारी. आणि हे पत्रकार इतके चिकट की १९३६ च्या पहिल्या निवडणुकीत बेब रूथलासुद्धा अकरा जणांनी मत दिलं नाही! सगळीच्या सगळी मतं मिळवणारा पहिला माणूस २०१९ मध्ये उगवला, मारियानो रिव्हेरा, ४२५ पैकी ४२५. जपानचा इचिरो सुझुकी २०२५ मध्ये आत गेला तो ३९४ पैकी ३९३ मतांनी. कोण असेल हो तो एक?

आमच्या मिनेसोटाचा (बघा, 'आमच्या' म्हणायला लागलेय) जो मावर २०२४ मध्ये निवडून आला. सेंट पॉलचाच मुलगा. कॅचर असून फलंदाजीच्या सरासरीत तीनदा अमेरिकन लीगमध्ये पहिला आलेला तो एकटाच. तरी लागणाऱ्या मतांपेक्षा जेमतेम चार जास्त पडली! तीनेक लाख वस्तीच्या सेंट पॉल शहरात जन्मलेले चार जण आज त्या भिंतीवर आहेत: डेव्ह विनफिल्ड, पॉल मॉलिटर, जॅक मॉरिस आणि मावर. हे मला आजोबांनी बोटांवर मोजून सांगितलं, तीन वेळा.

पण त्यांचा जीव टोनी ओलिव्हावर. क्यूबातून आलेला हा पोरगा १९६४ मध्ये पहिल्याच पूर्ण मोसमात अमेरिकन लीगमध्ये सरासरीत पहिला आला, पुढच्या वर्षी पुन्हा पहिला, १९७१ मध्ये तिसऱ्यांदा. त्याच मोसमात गुडघा गेला आणि खेळ मोडला. पत्रकारांच्या मतपत्रिकेवर वर्षानुवर्षं नाव, ७५ टक्के काही होईनात. पत्रकारांच्या हातून सुटलेल्यांसाठी सोळा जणांची वेगळी समिती असते, तिथे बारा मतं लागतात. २०१४ मध्ये ओलिव्हाला पडली अकरा. डिसेंबर २०२१ मध्ये बारा, बरोब्बर बारा. तेव्हा तो त्र्याऐंशी वर्षांचा होता. "आम्ही थंडीत जाऊन बिअर प्यालो," एवढंच आजोबा म्हणाले.

मुंबई-पुण्याच्या मंडळींना हे वेगळं समजवायला नको. पद्माकर शिवलकरांचं नाव काढा आणि मग बघा. ५८९ प्रथम श्रेणी बळी आणि एकही टेस्ट नाही, कारण संघात त्या जागेवर बेदी. हा विषय निघाला की आमच्या घरी जेवणं गार व्हायची. इथे तो विषय वर्षभर निघतो आणि वर त्याचं मतदान होतं!

आता माझीही मतं झालीत आणि ती मी मांडणारच. बॅरी बाँड्स. ७६२ होम रन, इतिहासात सगळ्यांत जास्त, आणि दहाव्या वर्षी, २०२२ मध्ये, ६६ टक्क्यांवर गाडं अडलं, कारण उत्तेजकं. ठीक. पण ज्या काळात हे सगळं नाकाखाली चाललं होतं त्या काळाचा कमिशनर बड सीलिग, तो २०१७ मध्ये सन्मानानं आत गेला! गल्ला मोजणारा भिंतीवर आणि ज्यानं गल्ला भरला तो रस्त्यावर, हे मला पटत नाही. बाँड्सला घ्या आणि पाटीवर उत्तेजकांचं स्वच्छ लिहा.

पीट रोज मात्र नको. ४,२५६ हिट्स, विक्रमच आहे, पण स्वतः संघाचा मॅनेजर असताना स्वतःच्याच संघाच्या सामन्यांवर पैसे लावले, १९८९ मध्ये बंदी आली आणि २००४ पर्यंत 'मी नाही त्यातला'. ज्यांनी २००० सालचं हॅन्सी क्रोनिए प्रकरण घरात बसून सोसलंय त्यांना विचारा, सट्टा लागला की खेळाचा प्रत्येक चेंडू कसा नासतो ते. नातू रोजच्या बाजूचा आहे. आमचं त्यावरून दोन जेवणं बोलणं बंद होतं.

"चारित्र्य बघा" असं मतदारांना सांगणाऱ्या या भिंतीवर कॅप ॲन्सनही आहे, एकोणिसाव्या शतकात काळ्या खेळाडूंविरुद्ध मैदानात उतरायला नकार देणारा बडा कप्तान. आणि त्यानं आणि त्याच्यासारख्यांनी उभी केलेली वर्णभेदाची भिंत किती जणांना खाऊन गेली! जॉश गिब्सन कॅचर होता, काळ्यांच्या वेगळ्या निग्रो लीगमध्ये खेळायचा, जानेवारी १९४७ मध्ये पस्तिशीत गेला. त्याच एप्रिलमध्ये जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू ती भिंत ओलांडून मेजर लीगच्या मैदानात उतरला. तीन महिने! १९६६ मध्ये टेड विल्यम्स हा गोरा, तऱ्हेवाईक, महान फलंदाज स्वतःच्या सत्काराच्या भाषणात उभा राहून म्हणाला की निग्रो लीगच्या खेळाडूंनाही इथे जागा द्या. सत्काराच्या दिवशी दुसऱ्यांसाठी बोलणं! १९७१ मध्ये सॅचेल पेज आत गेला, १९७२ मध्ये गिब्सन. आणि २०२४ मध्ये निग्रो लीगचे आकडे अधिकृत नोंदीत धरले गेले तेव्हा कारकिर्दीच्या सरासरीत टाय कॉब दुसरा झाला आणि गिब्सन पहिला. मेल्यानंतर ७७ वर्षांनी! आजोबांच्या पेन्सिलीचं महत्त्व तेव्हा कळलं मला. कुणीतरी कुठेतरी, पडक्या मैदानाच्या कडेला बसून, ते चौकोन भरले होते, काही आकडे स्थानिक वर्तमानपत्रांत छापले होते, म्हणून हे झालं.

बक ओनीलचं ऐकून तर मी ताटावरून उठले. कॅन्सस सिटी मोनार्क्सचा खेळाडू आणि मॅनेजर, निग्रो लीगच्या आठवणी गावोगाव सांगत फिरणारा. २००६ मध्ये खास समितीनं त्या काळातली सतरा माणसं एकदम निवडली, त्यात एफा मॅन्ली ही न्यूअर्क ईगल्सची मालकीण, हॉलमध्ये गेलेली पहिली बाई. ओनील राहिला. आणि चौऱ्याण्णव वर्षांचा तो माणूस त्या सतरा जणांच्या वतीनं, जे सगळेच्या सगळे केव्हाच वारले होते, कूपर्सटाउनच्या मंचावर बोलायला गेला! कडवट शब्द नाही, उलट जमलेल्या लोकांकडून गाणं म्हणून घेतलं. त्याच ऑक्टोबरात गेला. त्याची पाटी लागली २०२२ मध्ये, ओलिव्हाच्याच दिवशी.

पण माझा माणूस वेगळाच आहे, आणि त्याच्यासाठीच हा सगळा लेख. कर्ट फ्लड. सेंट लुइस कार्डिनल्सचा सेंटर फील्डर, म्हणजे आजोबांच्या वहीतला आठ नंबर. क्षेत्ररक्षणाचं गोल्ड ग्लव्ह सलग सात वर्षं. १९६९ मध्ये संघानं त्याला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. तेव्हाचा नियमच तसा: करार संपला तरी खेळाडू मालकाचाच. बाकीचे सामान बांधून निघायचे. फ्लडनं २४ डिसेंबरला कमिशनरला पत्र लिहिलं की मी काही खरेदी-विक्रीची वस्तू नाही, आणि कोर्टात गेला. वर्षाला ९० हजार डॉलर मिळत असताना! १९७० चा अख्खा मोसम घरी बसला. खटल्यात साक्षीला जॅकी रॉबिन्सन आला, थकलेला, आजारी; पण त्या वेळी खेळत असलेला एकही खेळाडू आला नाही. एकही! १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो ५ विरुद्ध ३ असा हरला. तीनच वर्षांनी, १९७५ मध्ये, लवादानं दुसऱ्या दोन खेळाडूंच्या बाजूनं निकाल दिला आणि ती वेठबिगारी मोडली. आजचे करोडोंचे करार त्यानंतरचे. खेळाडू संघटनेचा नेता मार्व्हिन मिलर उशिरा का होईना, २०२१ मध्ये भिंतीवर गेला. फ्लड १९९७ मध्ये वारला, तो अजून बाहेरच आहे.

आजोबांना हे मान्य नाही. त्यांनी वहीच्या मागच्या पानावर लिहून दाखवलं: १,८६१ हिट्स, सरासरी .२९३. "चांगला होता. पण हॉल?" मी म्हटलं, ऐन भरात त्यानं खेळ सोडला, आकडे कुठून येणार? तो जे हरला त्याच्यावर बाकीचे श्रीमंत झाले, त्याला तुमच्या वहीत कुठला नंबर? आजोबांनी टोपी मागे सरकवली, बराच वेळ डोकं खाजवलं आणि म्हणाले, "पुढची इनिंग चालू झाली." वाद अर्धवट आहे. पुढच्या रविवारी मडहेन्सची घरची मॅच आहे, तेव्हा पुरा करणार.

घाई एवढ्यासाठी आहे की जुन्या काळातल्या खेळाडूंचा विचार करणारी ती सोळा जणांची समिती डिसेंबर २०२७ मध्ये बसेल. रोज आणि १९१९ च्या निकाल-विक्री प्रकरणातला शूलेस जो जॅक्सन, दोघांवरची बंदी मे २०२५ मध्ये, ते मेल्यामुळे, उठली, तेव्हा तेही या समितीपुढे येऊ शकतात आणि सगळा गलका त्यांचाच होणार. मतपत्रिकेवर आठच नावं असतात, प्रत्येक सदस्याला फारतर तीन मतं. आधी कर्ट फ्लड त्या आठांत यायला हवा. मग बारा मतं.